आधी स्वतःचे वागणे, मग राज्यकारभार: कन्फ्यूशियसचा नेतृत्वविचार

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, आजच्या चीनच्या शांडोंग प्रांतातील लू नावाच्या लहानशा राज्यात चोरांचा उपद्रव वाढला होता. राजा नावापुरता होता. खरी सत्ता तीन सरदार घराण्यांकडे होती आणि त्यांतल्या सर्वांत बलाढ्य घराण्याचा प्रमुख होता जी कांगझी. चोरांचा बंदोबस्त कसा करावा, असे त्याने कन्फ्यूशियसला विचारले. पहारे वाढवा, शिक्षा कडक करा, अशा सल्ल्याची त्याला अपेक्षा असावी. कन्फ्यूशियसचे उत्तर असे होते की, तुम्ही स्वतः हावरे नसता, तर लोकांना बक्षीस देऊ केले असते तरी त्यांनी चोरी केली नसती. ज्याच्या शब्दावर राज्य चालत होते त्या माणसाला, चोरीचे मूळ तुमच्या घरात आहे, असे त्याच्या तोंडावर सांगणे सोपे नव्हते. कन्फ्यूशियसच्या नीतिविचारात नेतृत्वाची सुरुवात कोठून होते, ते या उत्तरावरून नेमके कळते. दुसऱ्यांना कसे वागवावे हा प्रश्न त्याच्याकडे नंतर येतो. सत्ता हाती असलेला माणूस स्वतः कसा वागतो, हा प्रश्न पहिला.

कन्फ्यूशियसचा जन्म पारंपरिक गणनेनुसार इ.स.पू. 551 मधला आणि मृत्यू इ.स.पू. 479 मधला. वडील लहानपणीच वारले आणि घरची स्थिती बेताची होती. लहानपणी परिस्थिती हलकी असल्याने अनेक किरकोळ कामे मला येतात, असे तो स्वतःच सांगत असे. तरुणपणी त्याने धान्याच्या कोठाराचे हिशेब ठेवले, गुराढोरांची देखरेख केली, पुढे लू राज्यात न्यायखात्याचे वरिष्ठ पदही भूषवले. मात्र तिथल्या कारभारात आपल्या विचारांना वाव नाही हे दिसताच त्याने ते सोडले आणि सुमारे 13-14 वर्षे शिष्यांसह राज्याराज्यांतून हिंडत राहिला. आपले ऐकेल असा एकही राजा त्याला भेटला नाही. राज्यकारभारातली त्याची कारकीर्द जवळजवळ अयशस्वी झाली, ही गोष्ट त्याच्या विचारांकडे पाहताना विसरता कामा नये, कारण त्याची वचने यशस्वी माणसाने फावल्या वेळात सांगितलेली सूत्रे नाहीत. चाऊ राजवंशाची पकड सुटत चालली होती, राज्ये एकमेकांना गिळत होती, मुलगे बापांचे आणि सरदार राजांचे खून करत होते. ही पडझड डोळ्यांसमोर असताना त्याने विचार केला.

त्याने स्वतः लिहिलेला ग्रंथ आपल्याकडे नाही. शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी जपलेले त्याचे संवाद 'लुन यू' नावाच्या 20 प्रकरणांच्या संग्रहात एकत्र आले. (समाजमाध्यमांवर त्याच्या नावाने फिरणारी बरीच वाक्ये या संग्रहात कुठेही नाहीत. आवडीचे काम निवडा म्हणजे आयुष्यभर काम केल्यासारखे वाटणार नाही, हे त्यांपैकीच एक.) या संवादांत व्याख्या फार थोड्या आहेत. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या शिष्यांना वेगवेगळी उत्तरे मिळतात, कारण उतावळ्या शिष्याला आवरायचे असते आणि बुजऱ्याला पुढे ढकलायचे असते, असे कन्फ्यूशियसनेच एकदा समजावले आहे. म्हणून एखादे सुटे वचन उचलून त्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा प्रसंग पाहणे अधिक उपयोगी ठरते.

असाच एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. त्या काळी दरबारी वादक बहुधा अंध असत. मियान नावाचा असा एक वादक कन्फ्यूशियसला भेटायला आला. तो पायऱ्यांपाशी पोचला तेव्हा कन्फ्यूशियस म्हणाला, "इथे पायऱ्या आहेत." बैठकीपाशी आल्यावर म्हणाला, "ही बैठक." सगळे बसल्यावर त्याने वादकाला एकेकाचे नाव घेऊन सांगितले की, अमुक इथे बसला आहे, तमुक तिथे बसला आहे. वादक गेल्यावर एका शिष्याने विचारले, वादकाशी असेच बोलायचे असते का? कन्फ्यूशियस म्हणाला, होय, वादकाला असेच साहाय्य करायचे असते.

कन्फ्यूशियसच्या विचारातल्या दोन मुख्य कल्पना या प्रसंगात एकत्र दिसतात. पहिली 'रन', म्हणजे ढोबळमानाने माणुसकी. समोरच्याचे दुःख, अडचण आणि मान यांची मनापासून असलेली जाणीव. दुसरी 'ली', म्हणजे रीत. यज्ञ आणि श्राद्धविधींपासून पाहुण्याला बसायला सांगण्यापर्यंतचे, पिढ्यानपिढ्या घडत आलेले वागण्याचे वळण. नुसती माणुसकी मनात असून भागत नाही, ती पोचवायला वागण्याचे काही रूप लागते. आणि नुसती रीत पाळली पण मनात काही नसले, तर ते सोंग होते. माणुसकी नसलेल्या माणसाला रीतीचा काय उपयोग, असे त्याने स्पष्टच विचारले आहे. अंध पाहुण्याला न लाजवता, त्याला कुणाचा हात धरावा लागू न देता, सभेतला बरोबरीचा माणूस म्हणून बसवणे यात दोन्ही गोष्टी एकजीव झाल्या आहेत.

रीतीवरचा हा भर पाहून त्याला कर्मठ ठरवणारे पुष्कळ आहेत, पण त्याचे वागणे त्याहून बारकाव्याचे होते. विधीच्या वेळी तागाची टोपी घालावी अशी जुनी रीत होती. त्याच्या काळी लोक रेशमी टोपी घालू लागले, कारण ती कमी खर्चात होई. मी लोकांप्रमाणेच करतो, असे तो म्हणाला. राजाला भेटताना सभागृहाच्या पायऱ्या चढण्याआधी नमस्कार करावा अशीही रीत होती. लोक मात्र आता वर पोचल्यावर नमस्कार करू लागले होते. हा उद्दामपणा आहे, असे म्हणून सगळ्यांच्या विरोधात जाऊनही तो खालूनच नमस्कार करत राहिला. रीतीत काटकसरीसाठी झालेला बदल त्याला चालला, अहंकारापोटी झालेला चालला नाही. रीत कशासाठी आहे हे ओळखून निवड करण्याची ही वृत्ती त्याला राज्यकर्त्यातही हवी होती.

आता शासनाकडे वळू. लोकांना हुकमांनी हाकले आणि शिक्षेने वठणीवर आणले, तर ते शिक्षा चुकवायला शिकतात आणि त्यांना कशाची चाड उरत नाही. सदाचाराने आणि रीतीने वाट दाखवली, तर त्यांना चाड राहते आणि ते आपणहून सुधारतात, असे त्याचे म्हणणे होते. हे भाबडेपणाचे वाटण्याचा संभव आहे. पण ज्या कचेरीत नियमांची जाडजूड पुस्तके असूनही प्रत्येक नियमाची पळवाट शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना पाठ असते, अशा ठिकाणी काम केलेल्या माणसाला यातले तथ्य सांगावे लागत नाही. कायदा नको असे कन्फ्यूशियसने म्हटलेले नाही. तो स्वतः न्यायखाते सांभाळून होता. त्याचे निरीक्षण एवढेच होते की, कायदा माणसाला पकडू शकतो, पण पकडले जाण्याची भीती नसलेल्या क्षणी तो कसा वागेल हे कायद्याच्या हाती नसते. तो क्षण घडतो माणूस कोणाकडे पाहून मोठा झाला यावर, आणि राज्यात सगळ्यांचे डोळे ज्याच्याकडे लागलेले असतात तो राज्यकर्ता. दुष्टांना ठार मारून सज्जनांना मार्ग मोकळा करावा काय, असे जी कांगझीने दुसऱ्या एका वेळी विचारले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले की, राज्य करायला ठार कशाला मारावे लागते. राज्यकर्त्याचा सदाचार वाऱ्यासारखा असतो आणि लोकांचा गवतासारखा, वारा वाहील तसे गवत वाकते. आपल्याकडे 'यथा राजा तथा प्रजा' असे आपण बहुधा हताशपणे म्हणतो. कन्फ्यूशियस तेच राजाला बजावून सांगतो आणि प्रजेच्या दोषांची जबाबदारी त्याच्या पदरात घालतो.

सदाचार म्हणजे केवळ सोज्ज्वळ वागणे नव्हे. लोकांच्या पोटाचा प्रश्न त्यात पहिला येतो. वेइ राज्यात शिरताना कन्फ्यूशियस म्हणाला, इथे लोकवस्ती किती दाट आहे! रथ हाकणाऱ्या रान चिऊ या शिष्याने विचारले, मग आता त्यांच्यासाठी काय करावे? "त्यांना सुस्थितीत आणावे." आणि त्यानंतर? "त्यांना शिकवावे." हा क्रम महत्त्वाचा आहे: उपाशी लोकांना नीतीचे पाठ देणे त्याला मान्य नव्हते. पुढे हाच रान चिऊ जी कांगझीच्या घराण्याच्या नोकरीत गेला आणि आधीच गडगंज असलेल्या त्या घराण्यासाठी करवसुली वाढवू लागला, तेव्हा कन्फ्यूशियस म्हणाला, हा माझा शिष्य नव्हे, नगारे वाजवत याच्यावर चालून जा. एरवी शांत असणाऱ्या या गुरूच्या तोंडी इतके कठोर शब्द क्वचितच आहेत. 'लिजी' या जुन्या ग्रंथात अशीच एक कथा येते. थायशान पर्वताजवळून जाताना त्याला एका थडग्यापाशी रडणारी बाई दिसली. तिचा सासरा, नवरा आणि मुलगा असे तिघेही वाघाच्या तोंडी गेले होते. मग हा प्रदेश सोडून का जात नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, इथे जुलमी राजवट नाही. कन्फ्यूशियसने शिष्यांना हे नीट ध्यानात ठेवायला सांगितले: जुलमी राजवट वाघापेक्षा भयंकर असते.

झीगोंग हा व्यवहारात हुशार शिष्य होता. राज्याला काय लागते, असे त्याने विचारल्यावर कन्फ्यूशियसने तीन गोष्टी सांगितल्या: पुरेसे धान्य, पुरेसे सैन्य आणि लोकांचा विश्वास. नाइलाजाने एक सोडायची वेळ आली तर? सैन्य सोडावे. उरलेल्या दोहोंतून एक सोडायची वेळ आली तर? धान्य सोडावे, मरण तर सर्वांना पूर्वापार आहेच, पण लोकांचा विश्वास गेला तर राज्य उभेच राहत नाही. लोकांना सुस्थितीत आणा म्हणणाराच इथे धान्य सोडायला सांगतो, हे चटकन विसंगत वाटते, पण प्रश्न लोकांनी काय सोडावे हा नसून राज्य कशावर उभे असते हा आहे. दुष्काळात सरकार असेल ते धान्य सारखे वाटेल, साठेबाजाला पाठीशी घालणार नाही, असा भरवसा असेल तर समाज अर्ध्या भाकरीवरही टिकतो. तो भरवसा नसेल तर भरलेल्या कोठारांची लूट होते.

त्याच्या नीतिविचारात कुटुंबाला मध्यवर्ती स्थान आहे आणि इथेच एक खरी अडचण उभी राहते. आईवडिलांचा मान ठेवायला शिकणारे मूल पुढे समाजाशी नीट वागते, असे तो मानतो. मग शे प्रांताचा अधिपती त्याला अभिमानाने सांगतो की, आमच्याकडे एक असा सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो. बाप मुलाला पाठीशी घालतो, मुलगा बापाला. या एका संवादावर चीनमध्ये आजही विद्वान भांडतात. काहींना यात वशिलेबाजीचे आणि भ्रष्टाचाराचे बीज दिसते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, ज्या राज्यात मुलाला बापावर पाळत ठेवावी लागते, ते राज्य माणसांमधला शेवटचा धागाही तोडते. इ.स.पू. 66 मध्ये हान सम्राट श्वानने फर्मान काढून जवळच्या नातलगांना लपवण्याचा गुन्हा बराच सौम्य केला, आणि 2012 साली चीनच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात दुरुस्ती होऊन आरोपीचा जोडीदार, आईवडील आणि मुले यांना साक्षीसाठी सक्तीने न्यायालयात आणण्यापासून सूट मिळाली. माझ्या मते, मेंढीच्या चोरीपुरते कन्फ्यूशियसचे म्हणणे माणुसकीला धरून आहे, पण बाप जर राज्याचा खजिनदार असेल आणि चोरी सरकारी कोठारातली असेल, तर या उत्तराने भागत नाही, आणि त्या प्रश्नाला या संवादात उत्तर नाही.

कन्फ्यूशियस म्हणजे आज्ञाधारकपणा, हा समज सर्वांत रूढ आहे आणि तो सर्वांत जास्त दिशाभूल करतो. लू राज्याच्या राजाने त्याला विचारले होते की, असे एखादे वाक्य आहे काय, ज्याने राज्य बुडेल? इतके सामर्थ्य एका वाक्यात नसते, असे म्हणून त्याने एक वाक्य सांगितलेच: "राजा असण्यात मला एकच आनंद आहे, माझ्या शब्दाला कोणी विरोध करत नाही." राजा चांगले बोलत असेल आणि कोणी विरोध करत नसेल तर ठीक, पण तो वाईट बोलत असेल आणि तरीही कोणी विरोध करत नसेल, तर हे वाक्य राज्य बुडवायला जवळजवळ पुरेसे आहे. राजाची सेवा कशी करावी, असे झीलू या शिष्याने विचारले तेव्हा उत्तर होते: त्याला फसवू नकोस, पण त्याच्यासमोर उभा राहून विरोध कर. निष्ठा त्याने मागितली हे खरे, पण तिच्याबरोबर राजावरही बंधन टाकले: राजाने मंत्र्यांना रीतीने वागवावे, मंत्र्यांनी राजाची निष्ठेने सेवा करावी.

सुमारे शंभर-दीडशे वर्षांनंतर कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने हा धागा आणखी ताणला. छी राज्याच्या श्वान राजाला त्याने विचारले, तुमच्या एखाद्या सेवकाने मित्राच्या भरवशावर बायकामुले सोडून प्रवास केला आणि परत येऊन पाहिले तर ती थंडीने आणि भुकेने हैराण झालेली, तर त्याने त्या मित्राचे काय करावे? राजा म्हणाला, मैत्री तोडावी. न्यायखात्याच्या प्रमुखाला हाताखालची माणसे सांभाळता येत नसतील तर? त्याला काढून टाकावे. आणि राज्याचा कारभारच नीट चालत नसेल तर? राजाने इकडेतिकडे पाहिले आणि दुसराच विषय काढला. याच मेन्शियसने लोक सर्वांत महत्त्वाचे, मग राज्याची दैवते, आणि राजा सर्वांत शेवटी, असा क्रम लावला. आणि चाऊ राजवंशाआधीच्या शांग वंशाच्या शेवटच्या जुलमी राजाच्या (त्याचेही नाव चाऊच) वधाविषयी विचारल्यावर, चाऊ नावाचा एक माणूस मारला गेल्याचे मी ऐकले आहे, राजा मारला गेल्याचे ऐकलेले नाही, असे उत्तर दिले. जो राजासारखा वागत नाही तो राजा उरत नाही, असा याचा अर्थ होतो.

पुढचा इतिहास मात्र या विचारांना सरळ गेला नाही. कडक कायदा आणि शिक्षा यांवर विश्वास असलेल्या छिन राज्याने इ.स.पू. 221 मध्ये चीन एक केला, पण ती राजवट 15 वर्षांतच कोसळली. त्यानंतर हान सम्राटांनी कन्फ्यूशियसला आपलेसे केले, राजधानीत त्याचे ग्रंथ शिकवणारी पाठशाळा निघाली, आणि कालांतराने या ग्रंथांवर आधारलेल्या परीक्षांतून अधिकारी निवडण्याची पद्धत रुजली, ती थेट 1905 पर्यंत टिकली. शेतकऱ्याचा मुलगाही अधिकारी होऊ शकतो, ही कल्पना यातूनच आली, जरी व्यवहारात अभ्यासाला लागणारी वर्षे परवडत बहुधा खात्यापित्या घरांनाच. पण सिंहासनाच्या आश्रयाला गेलेल्या विचाराचे जे होते तेच इथेही झाले. राजा आणि मंत्री, बाप आणि मुलगा, नवरा आणि बायको या नात्यांतले परस्पर कर्तव्य मागे पडले आणि खालच्याने वरच्यापुढे झुकावे, एवढेच घोकले गेले. बायकांना या विचाराने फार थोडी जागा दिली, आणि त्याचा दोष केवळ नंतरच्या भाष्यकारांच्या माथी मारता येणार नाही, कारण मूळ संवादांतही बायकांबद्दल तुच्छतेने काढलेला एक उद्गार आहे. 1919 च्या सुमारास चीनच्या तरुणांनी कन्फ्यूशियसविरुद्ध आवाज उठवला तो याच ओझ्याविरुद्ध.

तरीही समोर उभे राहून विरोध करण्याची परंपरा पुरती मेली नव्हती. सोळाव्या शतकात मिंग वंशाचा ज्याजिंग सम्राट 20 हून अधिक वर्षे दरबारात फिरकला नव्हता. अमरत्वासाठी चाललेल्या विधींत तो गुंतला होता आणि त्यासाठी खजिना रिता होत होता. हाय रुई या मध्यम दर्जाच्या अधिकाऱ्याने त्याला लेखी निवेदन दिले आणि हे सगळे स्पष्ट शब्दांत मांडले. सम्राटाने ते जमिनीवर भिरकावले आणि हा पळून जाण्याआधी त्याला पकडा, असे फर्मावले. तेव्हा एका सेवकाने सांगितले की, हा माणूस पळणार नाही. त्याने आधीच शवपेटी विकत घेतली आहे आणि घरच्यांचा निरोप घेतला आहे. सम्राटाने ते कागद उचलून पुन्हा पुन्हा वाचले. हाय रुईला पुढे तुरुंगात टाकले गेले, पण मृत्युदंडाच्या शिफारशीवर सम्राटाने शिक्का उठवला नाही. 1567 च्या जानेवारीत सम्राट वारला. ती बातमी तुरुंगात कळली तेव्हा हाय रुई रात्रभर रडला, असे मिंग इतिहासात नोंदले आहे. ज्याच्यासाठी तो रडला, त्याच्याच चुका त्याने जिवावर उदार होऊन दाखवल्या होत्या. कन्फ्यूशियसला अभिप्रेत असलेली निष्ठा बहुधा अशीच होती.

पण हाय रुईच्या गोष्टीत या सगळ्या विचारातली उणीवही दिसते. सम्राटाने निवेदन वाचले, तरी कारभारात काही बदलले नाही. राजाचे मन वळले तर सर्व काही सुधारेल, हे खरे. पण ते वळलेच नाही तर काय करायचे? मेन्शियसच्या उत्तरात राजाला हटवण्याचे समर्थन आहे, मात्र तो कोणी, कसा आणि कधी हटवायचा याची कोणतीही व्यवस्था नाही.

ही उणीव कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या एका विद्वानाने ओळखली. हुआंग झोंगशी याचे वडील मिंग दरबारात प्रामाणिकपणाची किंमत मोजून 1626 मध्ये तुरुंगात मरण पावले होते आणि पुढे त्याने मिंग राज्य कोसळताना पाहिले. 1663 च्या सुमारास पूर्ण केलेल्या राज्यविचाराच्या ग्रंथात त्याने लिहिले की, प्राचीन काळी लोक यजमान होते आणि राजा पाहुणा होता, आता नेमके उलटे झाले आहे. चांगला माणूस सापडला की चांगले राज्य येईल, हे त्याला पटेना. आधी चांगले कायदे असतील तरच चांगल्या माणसाला काम करता येईल, असे त्याने मांडले. त्याची सूचना अशी होती की, राजधानीतल्या महाविद्यालयाचा प्रमुख देशातला सर्वांत मान्यवर विद्वान असावा. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी सम्राटाने मंत्र्यांसह तिथे जावे, विद्यार्थ्यांच्या रांगेत बसावे, आणि कारभारात काही चुकत असेल तर प्रमुखाने ते भीडभाड न ठेवता सर्वांसमोर बोलून दाखवावे. मिंगनंतर आलेल्या मांचू राजवटीत हा ग्रंथ उघडपणे चर्चिला जाणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लियांग छीछाव आणि त्याच्या सुधारक सहकाऱ्यांनी त्यातले उतारे गुपचूप छापून वाटले, तेव्हा तो चीनच्या तरुणांच्या हाती पडला.